मोडीच्या वाटेवर

भोकरच्या बाजारपेठेत एका भांड्याच्या दुकानासमोर एक माणूस उकिडवा बसून तांब्याच्या घंगाळावर घण घालत होता. लग्नसराई तोंडावर आली होती. दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हतं आणि घंगाळ पोत्यात मावत नव्हतं, म्हणून ते चेपायचं काम चाललं होतं. पहिल्या घावाला पोट आत गेलं, तिसऱ्याला काठ दुमडला, पाचव्या घावाला एक कडी निखळून गटाराच्या काठापर्यंत घरंगळत गेली. मी कुकरची रिंग घ्यायला आले होते. "अहो थांबा" म्हणेपर्यंत घंगाळाची चपटी गठडी झाली होती. मी कडी उचलून आणून दिली, तर त्यांनी तीही पोत्यात टाकली. ती तांब्याचीच होती, तिलाही वजन होतं.

आमच्याकडे घरातलं जुनं भांडं विकायचा हा ठरलेला रस्ता आहे. भांडं दुकानात न्यायचं, दुकानदार ते तराजूत टाकतो, डागाची, कल्हईची, आत अडकलेल्या मातीची घट धरतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्या पैशात थोडे घालून नवं स्टील घरी येतं. मोडीत आलेला माल ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून भट्टीवर जातो. एखादी पद्धत, एखादी भाषा, एखादा माणूस 'मोडीत काढला' असं आपण रोज म्हणतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहायचा असेल तर या तराजूजवळ पाच मिनिटं उभं राहावं. ऐंशी वर्षांपूर्वी तांबटानं हातानं ठोकून उभं केलेलं घंगाळ आणि कालच्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार, दोघांना भाव एकच.

त्या दिवसापासून मी या वस्तूंच्या मागे लागले. माझा शोध दुर्मीळ चीजांचा नाही, साध्या घरगुती वस्तूंचा आहे: तांब्या, समई, अडकित्ता, कुलूप, पायली, पानदान. भोकरहून निघून नांदेड, माळेगाव, लातूर आणि थेट हैदराबादपर्यंत या वस्तू मोडीत जाण्याआधी कुठे कुठे थांबतात, ते पाहत मी तीन हिवाळे फिरले. हे त्या फिरण्याबद्दल.

पण आधी, या वस्तू घराबाहेर पडल्या का, हे सांगायला हवं. दोष कुणा सुनेचा नाही. पितळेच्या पातेल्यात ताकाची कढी कळकते, म्हणून दर काही महिन्यांनी कल्हई लागते. स्टीलला लागत नाही. बंबाला लाकडं लागतात, गीझरला बटण लागतं. माळवदाच्या घरात बळद होतं, देवळ्या होत्या, खुंट्या होत्या, न्हाणीघरात घंगाळाची जागा ठरलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या जाड भिंतींची मराठवाड्यात धास्तीच बसली. पुढे जी घरं झाली त्यांत दहा बाय दहाची खोली आणि भिंतीला सिमेंटचं कपाट. त्यात बारा किलोची परात ठेवायची कुठे? मापांचं आणखी वेगळं. १९५८ पासून मेट्रिक वजनमापं येऊ लागली आणि काही वर्षांत पायली, शेर, अदपाव, चिपटं, निळवं, कोळवं हे सगळं कुटुंब बेकायदा झालं. बाजारातून ती गेली, घरात मात्र सून माप ओलांडते त्या दिवसापुरती उरली. लाकडी, पितळी कड्या ठोकलेली पायली आज आमच्या भागात कुठे सापडलीच तर त्या एका कारणानं जपलेली असते.

मला या शोधाची शिस्त मात्र आपल्याकडे मिळाली नाही, ती पॅरिसमध्ये मिळाली. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे असते. तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. एका रविवारी जावयांनी बाळ सांभाळलं आणि आम्ही दोघी मेट्रोच्या चार नंबरच्या मार्गानं पोर्त द क्लिन्यांकूरला उतरून सँ-तुआँच्या बाजारात गेलो. जुन्या वस्तूंचा हा बाजार जगात प्रसिद्ध आहे. फ्रेंच लोक त्याला पिसवांचा बाजार म्हणतात, कारण जुन्या गाद्या-कपड्यांबरोबर पिसवा यायच्या. १८८० च्या दशकात पूबेल नावाच्या अधिकाऱ्यानं पॅरिसमध्ये घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे केले. रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या, हाडं, धातू वेचून जगणाऱ्यांचा धंदा त्यानं अडचणीत आला. (त्या अधिकाऱ्याचं आडनाव आजही फ्रेंचमध्ये कचरापेटीचं नाव आहे.) शहराच्या तटाबाहेर त्या वेचणाऱ्यांची पालं पडली होती. १८८५ च्या सुमारास त्या पालांना बाजाराचं रूप आलं, १९२० मध्ये वेर्नेझों नावाच्या माणसानं आपल्या जागेवर लाकडी गाळे उभारून ते भाड्यानं दिले आणि आज तिथे झुंबरांची दुकानं आहेत. म्हणजे सुरुवात आपल्या भंगारवाल्यासारखीच. फरक पडला तो पुढे. त्यांनी चेपायचं थांबवलं आणि वस्तू मांडून ठेवायला सुरुवात केली.

सँ-तुआँ महाग आहे. खरी मजा लहान गावांतल्या 'व्हीद-ग्रनिए'मध्ये. या शब्दाचा अर्थ 'माळा रिकामा करणं'. वर्षातल्या एखाद्या रविवारी गावातली माणसं माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून बसतात. व्यापारी नसलेल्या माणसाला वर्षातून फार तर दोनदाच असं बसता येतं आणि फक्त स्वतःच्या वापरातल्या वस्तू विकता येतात, असा तिथला कायदा आहे. पॅरिसबाहेरच्या एका गावात आम्ही अशा बाजारात गेलो. एक आजी इनॅमलच्या सहा डब्यांची उतरंड घेऊन बसल्या होत्या. मोठ्या डब्यावर पीठ, मग साखर, कॉफी, चहा, मसाले, शेवटच्या बोटभर डब्यावर मिरी. आपली मसाल्याची उतरंडच, फक्त अक्षरं लिहिलेली. शेजारी प्यूजो कंपनीची कॉफी दळायची लाकडी पेटी होती. मोटारी बनवण्याच्या पन्नासेक वर्षं आधीपासून ही कंपनी दळणयंत्रं बनवत होती. चादरींच्या कोपऱ्यांवर लाल दोऱ्यानं दोन-दोन अक्षरं भरलेली होती, नवरीच्या रुखवतातली. आणि तांब्याच्या पातेल्यांना आतून कथलाचा पांढरा लेप. मी बोट फिरवून म्हटलं, "कल्हई!" भाचीनं त्या आजींना विचारलं. त्यांच्याकडेही दारावर येणारा कल्हईवाला असायचा, त्यालाही ते आता शोधत फिरतात.

एक गोष्ट मनात घट्ट बसली. ज्या वस्तूला हात लावाल तिची माहिती विकणारा देत होता: कुणाची, कशासाठी, कुठल्या सालची, कुठे चीर आहे. वजनकाटा त्या आख्ख्या रस्त्यावर नव्हता.

परत आल्यावर पहिला फेरा माळेगावचा. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढे हे गाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. घोडे, उंट, गाढवं, बैल, कुत्री यांचा हा बाजार सगळ्यांना माहीत आहे. लावणीचा फड आणि कुस्त्याही. पण घोड्यांच्या बाजारापासून पाळण्यांकडे जाताना, घोंगड्यांच्या दुकानांच्या मागे, जमिनीवर पोतं अंथरून बसणारी माणसं असतात. त्यांच्यात घिसाडी असतात, नवे विळे, उलथनी, झारे घडवून विकणारे. त्यांच्या पोत्याच्या कडेला 'बदली'त आलेला जुना माल पडलेला असतो. शेतकरी जुनं लोखंड देऊन नवा विळा नेतो, त्यातलं ते.

तिथे मला अडकित्ता मिळाला. पाती लोखंडाची, मुठी पितळेच्या, आणि दोन्ही मुठींची टोकं पोपटाच्या मानेसारखी बाहेर वळलेली. पोपटाच्या डोळ्याच्या जागी बारीक खड्डा. त्यात कधीकाळी लाल खडा असावा, आता नुसतं काळं मेण साचलं होतं. पातं धार लावून लावून इतकं झिजलेलं की त्याची चंद्रकोर झाली होती. विकणाऱ्या मावशींनी माझ्याकडे न बघता खिशातली सुपारी काढली आणि अडकित्त्यात धरून कातरली. पातळ, सबंध, न फुटलेली चकती खाली पडली. "बघा. धार मेली न्हाई." मग माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मिटवून उजेडाकडं धरा. फट दिसली तर घेऊ नका." फट नव्हती. अडकित्ता घेताना हीच पारख: खिळा ढिला आहे का, पातं आणि खालची बैठक सबंध टेकते का, आणि मुठीचं पितळ ओतीव आहे की पत्रा वाकवून केलेलं. ओतीव मूठ हातात गार लागते आणि जड भरते. मावशींनी सांगितलेला भाव मी दिला. घासाघीस करायला तोंड उघडलं नाही.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेमागे असे कितीतरी अडकित्ते आहेत. दिनकर केळकरांनी १९२० च्या आसपास जुन्या वाड्यांतून, बोळांतून, मोडीच्या दुकानांतून दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, फण्या गोळा करायला सुरुवात केली आणि सुमारे २० हजार वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या लहान मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. एका माणसानं, पदरमोड करून आणि बायकोच्या साथीनं हे केलं, ही गोष्ट मी माळेगावच्या धुळीत उभी राहून बराच वेळ आठवत होते.

माळेगावचाच रस्ता पुढे अहमदपूर, चाकूर करत लातूरला जातो. लातूरमध्ये गंजगोलाई पाहिल्याशिवाय बाजार कळत नाही. मधोमध १९१७ मध्ये बांधलेली दोन मजली गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ, आणि गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा केला. एका रस्त्यावर सोनं, दुसऱ्यावर चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. भांड्यांच्या रस्त्यावर सकाळी साडेदहाला पोचावं. तेव्हा मोडीचा माल दुकानाबाहेर आलेला असतो आणि अजून पोत्यात गेलेला नसतो.

लातूर भागाची पितळी कुलपं एकेकाळी नावाजलेली होती. मला मिळालं ते तळहाताएवढं, बिजागरीसकट. चावी मुळातली होती, ही भाग्याची गोष्ट. चावीशिवायची कुलपं भरपूर मिळतात. दुकानदारानं तेलाचे दोन थेंब टाकले आणि चावी दोनदा फिरवली. आतून एक आवाज आला, मग थांबून दुसरा. "कोठीचं हाय," ते म्हणाले. "रात्री आवाज आला पायजे, म्हणून असं करायचे." मी तिथे आणखी काही घेतलं नाही. लातूरच्या दुकानांत जुनं म्हणून जे काळपट पितळ समोर मांडतात, त्यातलं पुष्कळसं नवं असतं. आम्लानं काळं केलेलं. ओळखायची खूण सोपी आहे: वापरलेल्या भांड्याचा तळ आणि काठ झिजतो, कड्या जिथे घासतात तिथे चकाकी येते, आणि खाचेत मळ साचतो. नव्याला जुनं केलेलं असेल तर काळेपणा सगळीकडे सारखा असतो, जिथे हात लागतो तिथेही.

आता हैदराबाद. भोकर, नांदेड, लातूर, सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या आजीच्या लग्नाची भांडी हैदराबादहून आली होती आणि घरात रुपयाला दोन नावं होती, निजामाचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार'. सात हाली रुपयांना सहा कलदार. मोठ्या घरांतला माल ज्या शहरातून आला तिकडेच तो परत गेला असणार, असं मला वाटत होतं. बुधवारी रात्री भोकर स्टेशनवर आदिलाबादहून तिरुपतीकडे जाणारी कृष्णा एक्सप्रेस धरली. मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासरचा गोदावरीवरचा पूल झोपेत गेला. पहाटे सिकंदराबाद.

गुरुवार हा दिवस महत्त्वाचा. जुमेरात म्हणजे गुरुवार, आणि हैदराबादचा जुमेरात बाजार त्याच दिवशी भरतो. मुसी नदीवर १५७८ मध्ये इब्राहिम कुली कुतुबशाहानं बांधलेला पुरानापूल आहे, त्याच्या आसपासच्या भागात. दुकान असं फारसं नाही. फरशीवर, हातगाडीवर, रस्त्याच्या कडेला चादरी पसरलेल्या. नळाच्या तोट्या, सायकलचे पेडल, जुने टेलिफोन, करवती, दरवाजाच्या कड्या, कंदील, कॅमेरे, बुटांचे जोड. पहिला तासभर तर काहीच दिसत नाही, डोळा हरवून जातो. मी पॅरिसमध्ये शिकलेली युक्ती वापरली: एका वेळी एकच धातू बघायचा. पहिल्या फेरीत फक्त पितळ. दुसऱ्या फेरीत फक्त काळं.

काळं म्हणजे बिदरी. उदगीरहून बीदर हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथली ही कारागिरी. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओतायची, त्यावर छिन्नीनं नक्षी खोदायची, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. मग नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातली माती यांच्या लेपानं वस्तू घासली की धातू गर्द काळा होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेलीच माती यासाठी लागते; कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. एका म्हाताऱ्या चाचांकडे हुक्क्याचा बिदरी तळ होता. किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती, पण त्यांनी तो मला निवांत पाहू दिला. नखानं चांदीच्या कडेवरून फिरवून बघा म्हणाले. खरं काम असेल तर नख कुठेच अडत नाही, धातूत धातू बसलेला असतो. रंगानं ओढलेली रेघ नखाला कळते. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी बिदरी असेल त्याच्यासाठी लिहिते. बिदरीला चिंच लावायची नाही, पितळेचं पॉलिश लावायचं नाही. काळा रंग निघून जातो. तेलाचा हात द्यायचा, बस.

एक तांब्या मला दुपारी दिसला. ज्याच्या चादरीवर होता तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा. त्याच्याकडे बाकी सगळे मोबाइलचे चार्जर होते, त्यातच हा बसका, मानेशी आवळलेला तांब्या आडवा पडलेला. मी उचलून पाहिला. पोटाला खालच्या बाजूनं दातेरी सांधा होता, दोन पत्र्यांचे दात एकमेकांत अडकवून डाग दिलेला. हा सांधा जुन्या हातकामाची पक्की खूण. आतून बोट फिरवलं तरी लागतो. कल्हई केव्हाच गेलेली. गळ्याखाली टिंबांची ओळ होती.

भांड्यावर नाव घालणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजही आहेराचं भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं?" आणि मशीननं चर्रकन 'सप्रेम भेट' काढून देतो. पूर्वी ते अणकुचीदार खिळ्यानं एकेक टिंब ठोकून घालत. फ्रान्समधल्या त्या चादरींवरची लाल अक्षरं पाहिली तेव्हाही मला हीच टिंबं आठवली होती. या तांब्यावरचं नाव मोडी अक्षरांत होतं. मला मोडी जेमतेम वाचता येते. पदर ओला करून घासलं. नावाचा पहिला भाग घासून गेलेला, मागचं 'बाई' तेवढं शाबूत. पुढे 'मौजे', मग पुन्हा झीज. आणि शेवटी आकडे: सन १३४२ फ.

फ म्हणजे फसली. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर फसली सनात चालायचं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पुढचे काही महिने ५९१. म्हणजे १९३२-३३. त्या साली कुण्या बाईला, राज्याच्या मराठी भागातल्या कुण्या गावी, हा तांब्या मिळाला किंवा तिनं कुणाला दिला. गावाच्या नावावरच नेमकी बोटं पडत होती, कारण तांब्या तिथेच धरतात. रोजच्या धरण्यानं गाव पुसलं.

पोरगा माझ्याकडे बघत होता. "क्या लिखा है अम्मा?"

मी सांगितलं. नव्वद वर्षं झाली म्हटलं. आमच्याकडची लिपी आहे, आता कुणी लिहीत नाही. त्यानं तांब्या घेतला, अंगठा त्या टिंबांवरून दोनदा फिरवला आणि म्हणाला, "हमकू तो डिझाइन लगा." मग किंमत सांगितली. मोडीच्या भावापेक्षा थोडी जास्त, पण मी मनात धरली होती तिच्या निम्म्याहून कमी. मी त्याला मनातली किंमत दिली. तो नोटा मोजून पुन्हा माझ्याकडे बघायला लागला, त्याला वाटलं चूक झाली.

परत येताना हैदराबादच्याच बेगम बाजारातून कथील घेतलं. भोकरला कल्हईवाला आता नेमानं येत नाही. यायचा तेव्हा त्याची हाळी वेशीपासून ऐकू यायची. या वेळी नांदेडला एकाकडे तांब्या नेला. त्यानं आधी तो राखेनं आतून खरवडून घेतला, मग भात्यावर लालसर तापवला. तापलेल्या पोटात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर भसकन वर येतो आणि नाकात झोंबतो. तो धूरच तांब्यावरचा काट खातो. लगेच कथलाची कांडी टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, तापल्या पितळेला टेकताच त्याचा थेंब पळायला लागतो. कापसाच्या बोळ्यानं त्यानं तो थेंब आत सगळीकडे फिरवला. दोन श्वासांत काळं पोट आरशासारखं पांढरं झालं. मग पाण्यात बुडवला. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, बाहेरून घासायचं नाही. बाहेरून त्यानं नुसतं फडकं फिरवलं.

या वस्तू घेणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या वाटतात. काशाची म्हणून दिलेली वाटी वाजवून पाहा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्याचा आवाज लांबत जातो; पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते ठण्ण करून थांबतं. आणि देवघरातली जुनी मूर्ती कुणी रस्त्यावर विकत असेल तर हात आखडता घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्तींची नोंदणी लागते आणि अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यातल्या काही कुठल्या तरी देवळातून गेलेल्या असतात. तांब्या-पळीचा बाजार निर्मळ राहायचा असेल तर हे पाळायला हवं.

भोकरच्या दुकानदारांकडे मी पुन्हा गेले. तांब्या सोबत नेला. त्यांनी चष्मा लावून टिंबं पाहिली. त्यांच्या वडिलांचा नाव घालायचा खिळा अजून गल्ल्यात होता, तो काढून दाखवला. टोक बोथट झालेलं. मी म्हटलं, मोडीचा भाव आणि वर किलोमागे शंभर रुपये मी देते, पण नाव घातलेलं भांडं आलं तर घण मारायच्या आधी मला कळवा. दोन-तीन दिवस कोपऱ्यात राहू द्या. ते म्हणाले, "ताई, जागा कुठंय?" तरी दुकानाच्या मागच्या जिन्याखालची जागा त्यांनी रिकामी केली. तिथे गेल्या दोन वर्षांत सतरा भांडी थांबली. त्यातली नऊ माझ्याकडे आहेत. चार ज्यांची होती त्यांच्या घरातली माणसं शोधून काढून परत नेऊन दिली. एका घरी भांड्यावर जिचं नाव होतं त्या आजी स्वतःच दारात बसल्या होत्या. तेलुगू बोलणाऱ्या एका शेजारीणबाईंनी त्यांच्या सासूबाईंची घागर ओळखली. त्या तिला बिंदे म्हणतात, तीही तिथेच होती, तेलुगू अक्षरांत नाव घातलेली. उरलेली चार भांडी मी वेळेवर पोचले नाही म्हणून गेली.

परवा सकाळी सात वाजता फोन आला. मागे घणाचा आवाज येत होता.

"ताई, एक बंब आलाय. तांब्याचा, नळी शाबूत हाय, नाव हाय. माणूस पोतं घेऊन बसलाय. मोडू का ठिवू?"

"ठेवा," म्हटलं आणि चपला घातल्या.